माळ्यावरची छर्‍याची बंदूक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शहाजीराजांच्या जहागिरीच्या या नगरीत सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली विमानांचा कारखाना काढला; १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली. यंत्रावर हात बसलेली पुष्कळ मराठी मंडळी या गावात स्थिरावली. अशा घरांच्या माळ्यावर कधीकधी एखादी छर्‍याची बंदूक सापडते. आजोबांची म्हणून ती टाकवत नाही, आणि चालत नाही म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. पुढे घर बदलताना ती भंगारात जाते. तसे होऊ नये, एवढ्यासाठीच आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत.

पहिले काम ओळख पटवण्याचे. त्यासाठी गंज खरवडू नये. मऊ फडक्याने तेल लावून अक्षरे वाचावीत. धनुष्य टाकून बंदूक उंचावणारी देवी दिसली, तर ती 'डायना'. परंतु तेवढ्याने भागत नाही. हा कारखाना जर्मनीतील राश्टाट येथे १८९० साली निघाला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची यंत्रसामग्री आणि ब्रिटनमधील नाव स्कॉटलंडच्या मिलब्रो कंपनीकडे गेले. त्यामुळे 'डायना' नावाच्या काही बंदुका ब्रिटिश आहेत, आणि ब्रिटनमध्ये विकलेल्या जर्मन बंदुकांवर 'ओरिजिनल' असे नाव आढळते. तेव्हा नावाबरोबर देश आणि नमुन्याचा क्रमांकही वाचावा. युद्धोत्तर जर्मन बंदुकांच्या नळकांड्यावर पुष्कळदा महिना आणि वर्षही ठोकलेले असते. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे चिन्ह बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीचे. लिंकन जेफ्रीज यांच्या रचनेवरून तिने १९०५ पासून हवेच्या बंदुका केल्या.

हा भेद केवळ हौशीचा नव्हे. जर्मन स्क्रूचे आटे मेट्रिक, जुन्या ब्रिटिशांचे निराळे. एकाचा स्क्रू दुसऱ्यात दामटला, तर शंभर वर्षे टिकलेला आटा क्षणात जातो.

दुसरे काम सुट्या भागांचे. बहुधा दोनच गोष्टी झिजलेल्या असतात: दट्ट्याच्या तोंडाचा चामडी वायसर आणि आतील स्प्रिंग. वायसर चांगल्या कमावलेल्या चामड्यातून कापून, भिजवून, साच्यात वाटीसारखा घडवता येतो. स्प्रिंग मात्र अंदाजाने घेऊ नये. तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि मोकळी लांबी ही चार मापे कॅलिपरने घ्यावीत. जुनी स्प्रिंग खचून आखूड झालेली असते, हे ध्यानात ठेवावे. जोर वाढावा म्हणून जाड तारेची स्प्रिंग घालणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नव्या गाडीला जुंपणे. दट्ट्या आणि चाप दोन्ही दुखावतात. डायनाच्या काही नमुन्यांत चापाजवळ पोलादी गोळ्या असतात. बंदूक उघडताना त्या घरंगळून हरवतात. म्हणून खाली पांढरे कापड अंथरावे आणि प्रत्येक पायरीचे छायाचित्र घ्यावे. आत दाबलेली स्प्रिंग उसळून इजा करते. तिच्यासाठी दाबयंत्र हवेच. ते नसेल तर जाणत्याकडे जावे. एखादी पिन वा स्क्रू कुठेच मिळाला नाही, तर पीण्याच्या एखाद्या लहान वर्कशॉपात जुन्या भागाच्या नमुन्यावरून लेथवर करून घेता येतो.

तिसरी गोष्ट कायद्याची. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरहून मोठ्या नळीची किंवा २० जूलहून अधिक शक्तीची हवाई बंदूक परवान्याच्या कक्षेत येते. घरातील बंदूक ०.२२ ची, म्हणजे ५.५ मिलिमीटरची असेल, तर दुरुस्तीआधी पोलीस ठाण्यात चौकशी करावी. परदेशातून भाग मागवण्यापूर्वीही नियम पाहावेत. आणि बंदूक चालो वा न चालो, ती मुलांच्या हाती लागेल अशी कधीही ठेवू नये.

शेवटी एक विनंती. लेथवर चाळीस वर्षे काढलेले हात आपल्यातच आहेत; उद्या ते नसतील. मंडळाने एक वही ठेवावी. कोणाकडे कोणती बंदूक आहे, तिची मापे काय, कोणता भाग कसा घडवला, हे त्यांच्याकडून विचारून तीत लिहून घ्यावे. बंदूक राहील न राहील, हातांची ही विद्या तरी आपल्या मुलांच्या वाट्याला यावी.