रिकाम्या ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला

(किकवी येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात सायंकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘रात्री कराओके ठेवलाय, त्याची जरा ओळख करून दे. तू पुण्यात जातोस ना तिकडे.’ ‘तिकडे’ म्हणजे कुठे, ते त्यांनी मोघम ठेवलं. समोर सर आणि बाई बसलेल्या, म्हणून मीही मोघमच ठेवणार होतो. पण सकाळी नाश्त्याच्या रांगेत बाईंनीच मला गाठलं आणि विचारलं, ‘काय रे, बारमध्ये जाऊन गातोस म्हणे?’ तेव्हा आता सरळच सांगतो.

पुण्यात सातारा रस्त्याच्या बाजूला, एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर एक साधा बार आहे. नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको. दहा-बारा टेबलं, भिंतीवर एक टीव्ही, कोपऱ्यात दोन स्पीकर. शनिवारी रात्री आठनंतर टीव्हीवरची क्रिकेटची मॅच बंद होते आणि गाणी सुरू होतात. तुम्ही चिठ्ठीवर नाव, गाणं आणि पट्टी लिहून द्यायची. नंबर आला की उठायचं, माइक हातात घ्यायचा, टीव्हीवर शब्द येतात ते बघून गायचं. मागे वाजतं ते सगळं, फक्त मूळ गायकाचा आवाज काढून टाकलेला. गाणारे कोण? रिक्षावाले, बँकेतून निवृत्त झालेले, जवळच्या दवाखान्यातली एक नर्स, आयटीतली पोरं. निम्म्या टेबलांवर लिंबू-सोडा आणि मसाला पापडच असतो, हे बाईंच्या माहितीसाठी.

आपल्या वर्गातले पुण्यात असलेले सहा जण मिळून तिथं पहिल्यांदा गेलो, तेव्हा दोघी मैत्रिणीही बरोबर होत्या. चिठ्ठी द्यायला मी कोपऱ्यातल्या लॅपटॉपवाल्याकडे गेलो. मान खाली, डोळ्यावर चष्मा, केस पांढरे. ओळखलं नाही. पण डाव्या हाताची दोन बोटं टेबलाच्या कडेवर चालू होती. आपल्या शाळेत अशी बोटं बाकावर एकच मुलगा वाजवायचा, आणि त्याबद्दल फूटपट्टीही खायचा. नाव घेऊ नको म्हणालाय, म्हणून घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच आहे, कारण सगळे तिकडेच वळून बघतायत.

बाकावर वाजवणारा तो पुढे खरोखरच वाजवू लागला. आधी गावच्या भजनी मंडळात, मग बँजो पार्टीत आणि मग पुण्याच्या ऑर्केस्ट्रांमध्ये ढोलकी-ढोलकवर. तो काळ तुम्हाला आठवत असेल. पुण्याचं ‘मेलडी मेकर्स’, मुंबईचं प्रमिला दातारांचं ‘सुनहरी यादें’, पुढे अशोक हांडे यांचं ‘मंगलगाणी दंगलगाणी’ ही मोठी नावं. पण त्यांच्या खाली गणपतीत, जत्रेत, लग्नात, पतपेढीच्या वर्धापनदिनात वाजवणारे किती तरी लहान ऑर्केस्ट्रा होते. बारा माणसं, एक मेटॅडोर, आणि पहाटे कात्रजच्या घाटात चहा.

आता गंमत ऐका. ‘कराओके’ हा जपानी शब्द आहे. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचं जपानी लघुरूप. रिकामा ऑर्केस्ट्रा! म्हणजे आपला हा मित्र ज्या ऑर्केस्ट्रात बसत होता, तो रिकामा झाला आणि आता त्याचा लॅपटॉप तोच चालवतो. हे मी त्याला त्या रात्री सांगितलं तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, ‘शब्द बरोबर आहे.’

हे यंत्र कुणी काढलं त्याची कथाही त्याच्यासारखीच आहे. टोकियोत शिगेइची नेगिशी नावाचे एक कारखानदार होते. सहकाऱ्यानं त्यांच्या गाण्याची थट्टा केली म्हणून त्यांनी १९६७ मध्ये साथीच्या टेपवर गाता येईल असं एक खोकं बनवलं. पण कराओकेचा जनक म्हणून जगात नाव झालं ते कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए यांचं. हा माणूस बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करणारा वादक. त्याला नोटेशन वाचता येत नसे, सगळं कानावर. त्याचं एक नेहमीचं गिऱ्हाईक, एका कंपनीचे मालक, सहलीला निघाले आणि म्हणाले, तू बरोबर चल, तिथं मला गायचंय. याला काम सोडून जाता येईना. मग यानं त्यांच्या गाण्यांची साथ टेपवर वाजवून दिली. मालक टेपवर गाऊन खूश होऊन परत आले. त्यातून यानं १९७१ मध्ये ११ यंत्रं तयार करून कोबेतल्या बारना भाड्यानं दिली. नाणं टाका आणि गा. पेटंट मात्र घेतलं नाही. त्यामुळे पुढे जगभर जो धंदा झाला, त्यातलं फारसं त्याच्या हाती लागलं नाही. २००४ साली त्याला हार्वर्डमध्ये ‘इग नोबेल’ नावाचं गमतीचं शांतता पारितोषिक मिळालं. कारण काय, तर यानं माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवलं!

मला त्या कथेतलं एवढंच महत्त्वाचं वाटतं, की हे यंत्र कुठल्या इंजिनिअरनं नाही, साथ करणाऱ्यानं लोकप्रिय केलं. स्वतः जाता येईना म्हणून स्वतःचे हात टेपमध्ये भरून पाठवले.

आणखी एक गोष्ट, हायवेवर राहणाऱ्या आपल्यासाठी. जपानमध्ये गाण्यासाठी भाड्यानं मिळणारी पहिली छोटी खोली, ज्याला ते कराओके बॉक्स म्हणतात, ती १९८५ मध्ये ओकायामा भागात सुरू झाली. मालवाहू ट्रकचा जुना कंटेनर घेऊन! किकवीच्या हॉटेलांपुढे रात्री असे किती कंटेनर उभे असतात. कुणाला धंदा काढायचा असेल तर बघा.

तर आपल्या मित्राचं काय झालं? पहिला घाव कराओकेचा नव्हताच, असं तो म्हणतो. रोलँड कंपनीचा ऑक्टोपॅड बाजारात आला १९८५ ला. काही वर्षांत तो आपल्या ऑर्केस्ट्रांमध्ये पोचला आणि एका माणसानं दोन काड्यांनी काँगो, बोंगो, ड्रम, घुंगरू सगळं वाजवायला सुरुवात केली. बाराची आठ माणसं झाली. मग चांगला कीबोर्ड आला, आठाची चार झाली. त्यानंतर कराओकेच्या सीड्या आल्या, मग यूट्यूबवर हवं ते फुकट. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि कार्यक्रमच थांबले. पुन्हा सुरू झाले तेव्हा लोकांना ट्रॅकची सवय लागलेली. चार वादकांचं मानधन आणि जेवण देण्यापेक्षा एक पेन ड्राइव्ह स्वस्त. दीड वर्ष त्यानं ढोलकी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. मग या बारचं काम आलं. शनिवारी संध्याकाळी तो इथून मोटरसायकलनं पुण्याला जातो आणि रात्री बाराला सामान आवरून बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळ करत परत येतो.

पुण्यात आज कराओके फक्त बारमध्ये नाही. किती तरी हौशी ग्रुप लहान सभागृहं घेऊन, पाच-दहा जण वर्गणी काढून गातात. सत्तरीच्या आजी नऊवारी नेसून लताबाईंची गाणी म्हणतात आणि घरचे टाळ्या वाजवतात. मुंबईत वांद्र्याला पाली नाक्यावर ‘सोल फ्राय’ म्हणून गोव्याच्या जेवणाचं एक ठिकाण आहे, ते तर वर्षानुवर्षं सोमवारच्या कराओके रात्रीसाठी ओळखलं गेलं. नाकं मुरडणारे मुरडतात. ‘हे काय गाणं? सूर नाही, ताल नाही.’ मला विचाराल तर न गाणाऱ्या चांगल्या गळ्यापेक्षा गाणारा वाईट गळा मला आवडतो. पण ते असो.

मी तिथं जाऊन जे पाहिलं ते वेगळं आहे. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. भजनात गाणारा एखादी ओळ विसरला तर पखवाजवाला ठेका धरून ठेवतो, टाळकरी मागची ओळ घोळवतात, तोवर बुवांना आठवतं. यंत्राला ते कळत नाही. अंतरा आला की आला. तुम्ही धावत्या एसटीमागे पळावं तसे शब्दांमागे पळत राहता. आणि पट्टी! ट्रॅक असतो मूळ गाण्याच्या पट्टीत. रफीसाहेबांची पट्टी आपल्याला झेपेल कशी? साधारण पुरुषांची काळी एक, काळी दोन, बायकांची काळी चार, काळी पाच. पण गाणाऱ्यांतल्या बहुतेकांना आपली पट्टीच माहीत नसते. आपला मित्र काय करतो, की तुम्ही चिठ्ठी द्यायला गेलात की दोन वाक्यं तुमच्याशी बोलतो. ‘कुठून आलात, काय घेताय.’ तुमचा बोलण्याचा आवाज ऐकतो आणि गपचूप ट्रॅक एक-दोन पट्ट्या खाली उतरवून ठेवतो. पूर्वी टेपची पट्टी उतरवली की गाणंही रेंगाळायचं, आता लय तीच ठेवून पट्टी बदलता येते. लोकांना वाटतं, आज आवाज छान लागला. कुणी अडखळला की तो ट्रॅक चार मात्रा मागे आणून पुन्हा सोडतो, इतक्या सफाईनं की टीव्हीकडे बघणाऱ्यालाही कळत नाही.

त्या बारमध्ये साठीच्या पुढचे एक गृहस्थ दर शनिवारी येतात. एक सोडा घेतात आणि एकच द्वंद्वगीत गातात. आपल्या ओळी गातात आणि बाईच्या ओळी आल्या की माइक खाली करून उभे राहतात. टीव्हीवर शब्द रंगत पुढे जातात, वाद्यं वाजतात, गात कुणी नाही. नेहमीच्यांना सवय आहे. एका रात्री नवीन आलेल्या एका मुलीला वाटलं, काकांना जोडीदार नाही. बिचारी चांगल्या मनानं उठली, दुसरा माइक उचलला आणि बाईच्या ओळीला सुरुवात केली. मी मित्राच्या शेजारीच होतो. त्यानं एका बोटानं तिच्या माइकचा आवाज पूर्ण खाली घेतला. तिला वाटलं माइक बिघडला. ती हसून खाली बसली. काकांनी आपली पुढची ओळ उचलली.

नंतर मी विचारलं. तो म्हणाला, ‘ते कडवं त्यांच्या बायकोचं आहे.’ आणि पुढची चिठ्ठी वाचायला घेतली.

त्याच रात्री आपल्या वर्गातल्या एकीला आम्ही बळेबळे उठवलं. शाळेच्या गॅदरिंगनंतर तिनं चार माणसांत तोंड उघडलेलं नव्हतं. ती म्हणाली, मला सिनेमाचं काही येत नाही, आईच्या जात्यावरच्या ओव्या येतात. आता त्याचा ट्रॅक कुठून आणणार? हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी मावळ-मुळशीपासून गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. त्या आता इंटरनेटवर वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. पण बायकांचा आवाज काढून टाकला तर त्यात उरतं काय? जात्याची घरघर. मित्रानं लॅपटॉपचं झाकण खाली केलं, टेबलावरचा स्टीलचा जग रिकामा करून उलटा घेतला आणि तिला म्हणाला, ‘तू सुरू कर. मी येतो मागून.’ ती मध्येच थांबली, विसरली, पुन्हा मागची ओळ धरली. बोटं थांबून राहिली, पुन्हा लागली. किती ओव्या झाल्या ते मोजलं नाही. काउंटरवरचा मालक हिशेब सोडून बाहेर येऊन उभा होता.

त्यानंतर पुढच्या शनिवारी तो ढोलकी घेऊन आला. मालकानं विचारलं, ‘हिचे वेगळे पैसे?’ हा म्हणाला, ‘नाही, ही अशीच आहे.’ मला ते पटलं नाही, मी त्याच्याशी भांडलो. कलावंतानं फुकट वाजवू नये, हे माझं मत आजही आहे. शेवटी आम्ही मालकाशी बोललो आणि आता महिन्यातून एक शनिवार तास-दीड तास ट्रॅक बंद असतो. त्या तासाचं त्याला वेगळं पाकीट मिळतं. पेटी वाजवायला त्यानं आपल्या जुन्या ऑर्केस्ट्रातला एक जण शोधून आणलाय. बारापैकी दोन परत आले.

तर आजच्या रात्रीची व्यवस्था सांगतो आणि बसतो. आठ वाजता पटांगणात लॅपटॉप आणि स्पीकर लावलेला असेल. चिठ्ठ्या तोवर द्या, एकाला एकच गाणं, नाही तर पाटील आळीतले लोक माइक सोडणार नाहीत. पट्टी माहीत नसेल त्यांनी ती जागा कोरी ठेवा आणि चिठ्ठी स्वतः नेऊन द्या, तो तुमच्याशी दोन वाक्यं बोलेल. मध्ये साडेनऊला जेवण. दहाला नियमाप्रमाणे स्पीकर बंद. त्यानंतर ज्यांना थांबायचंय त्यांनी आत सातवीच्या वर्गात यायचं, बाक बाजूला सरकवून सतरंज्या टाकल्या आहेत. पेटी गावच्या भजनी मंडळानं दिली आहे, ढोलकी त्याच्या गाडीत आहे. आणि सर, त्याचं मानधन आम्ही सगळ्यांनी वर्गणीतून आधीच काढून ठेवलं आहे, त्यामुळे आज त्यानं बाकावर वाजवलं तरी कुणी फूटपट्टी काढू नये.