तगरीवरचा पाहुणा

आज एक चूक सांगतो. माझीच.

मी साताऱ्याचा, नोकरी श्रीपेरुंबुदूरला. आमच्या दारावरून जाणारा महामार्ग ४८ पुढे बंगळूर, कोल्हापूर करत साताऱ्याला पोचतो. दुभाजकावर दोन्हीकडे कण्हेर. तिला इथे अरळी म्हणतात, एवढाच फरक.

सोसायटीला तगरीचं कुंपण आहे. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरातला. तो ओसरल्यावर एकदा बघतो तर तगरीच्या नुसत्या काड्या, आणि त्यांवर बोटाएवढ्या हिरव्या अळ्या. काडीने डिवचलं की अळी डोकं आत ओढते, मान फुगवते आणि दोन निळे डोळे वटारते. डोळे खोटे असतात, शत्रूला भिववायला. मी मात्र खरंच दचकलो. कमिटीला फोन केला, दुसऱ्या दिवशी फवारणी. संध्याकाळी माळीअण्णा सुपलीभर मेलेल्या अळ्या घेऊन आले. म्हणाले, "सार, झाड परत फुटलं असतं."

मग वाचायला लागलो. हा कण्हेरीचा पतंग, शास्त्रीय नाव डॅफ्निस निराय. १७५८ साली लिनियसने नाव दिलं ते कण्हेरीवरूनच. अळीचं जेवण कण्हेर, तगर, सदाफुली, सातवीण. सगळी एकाच कुळातली, चिकाची. कण्हेरीचं पान गुरांनी खाल्लं तर जीव जातो, ही मात्र त्यावरच पोसते! युरोपात हा पतंग उन्हाळ्यात दक्षिणेकडून उडत जातो. तिथली थंडी त्याला सोसत नाही. आपल्याकडे तो घरचाच.

आणि खरी गोम पुढे आहे. पोट भरलं की अळी तपकिरी होते, झाडावरून उतरते आणि खालच्या पाचोळ्यात कोश करते. म्हणजे फवारणी टाळली तरी रोजचा झाडू तिला संपवतोच. आपण बुंधे लख्ख झाडून घेतो ना, तिथेच.

कमिटीशी बरीच हुज्जत घातली. शेवटी कुंपणाखालची हातभर पट्टी न झाडण्यावर तडजोड झाली. साप येतील म्हणून एका काकूंचा अजून विरोध आहे, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही.

यंदा तगर पुन्हा ओरबाडली गेली. महिन्याभरात पालवीही आली. परवा पहाटे मीटरच्या पेटीवर हिरवा-गुलाबी, संगमरवरी नक्षीचा पतंग बसला होता. अण्णांनीच हाक मारून दाखवला.