पाणीपट्टी निम्मी, मग पाणी?

2022 साली आपल्या शहरात वर्षाची घरगुती पाणीपट्टी 4,050 वरून 2,025 रुपये झाली. जायकवाडीहून येणारं पाणी मात्र त्यानं वाढलं नाही. अर्थशास्त्राचं पहिलंच प्रकरण आहे हे: भाव उतरवला तरी टंचाई राहतेच, तिची किंमत दुसरीकडून वसूल होते. गच्चीवरची टाकी, मोटारीचं वीजबिल, पाण्याच्या दिवशी बुडालेला रोज. गुंठेवारीत ज्यांच्याकडे नळच नाही, त्यांना या सवलतीतला रुपयाही मिळाला नाही. ते ड्रमच्या हिशेबानं टँकरचं पाणी घेतात. बंगला असो वा दोन खोल्या, अर्धा इंची नळाला पट्टी सारखीच. मीटर बसावा, गरजेपुरतं पाणी स्वस्त ठेवावं, पुढचं महाग, असं माझं मत. मत मागायला कुणी आलं, की आधी विचारा: आमच्या गल्लीत पाइपलाइन कधी?