गाडी खालून धुवा

(मिशिगनमधल्या मराठी श्रोत्यांसाठी हिवाळ्यात दिलेलं रेडिओवरील भाषण)



परवाच्या बर्फानंतर आपल्या सगळ्यांच्या गाड्या एकाच रंगाच्या दिसू लागल्या आहेत. मूळ रंग काळा असो की लाल, वर तोच राखाडी-पांढरा थर. हा थर म्हणजे नुसता मळ नव्हे, त्यात मीठ आहे. ते गाडीवरून काढायचं कसं, कुठे आणि कधी, याबद्दल आज बोलणार आहे. माझं आयुष्य गाड्यांच्या कारखान्यांत गंजाशी झगडण्यात गेलं आहे, म्हणून हा विषय मला फार जवळचा वाटतो. पुण्याहून, नाशिकहून, औरंगाबादहून याच उद्योगात काम करायला इथे आलेले तुमच्यापैकी अनेकजण गाड्या बनवण्यात तरबेज आहेत. पण पहिल्या हिवाळ्यात गाडी धुवायची की नाही, हा प्रश्न त्यांनाही पडतो.

आधी हे मीठ येतं कुठून ते सांगतो. डेट्रॉइटकर श्रोत्यांच्या पायांखाली, सुमारे अकराशे फूट खोल, मिठाची खाण आहे. जवळजवळ चाळीस कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. तो आटला आणि मिठाचे जाड थर मागे राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथवर विवर खणलं गेलं, आणि १९४० च्या सुमारास बर्फावर मीठ पसरायला सुरुवात करणाऱ्या पहिल्या शहरांत डेट्रॉइट होतं. पलीकडे कॅनडात, गॉडरिच गावाजवळ ह्युरॉन सरोवराच्या तळाखालीही अशीच एक प्रचंड खाण आहे. आज अमेरिकेत एका हिवाळ्यात दोन कोटी टनांच्या आसपास मीठ रस्त्यांवर पडतं. त्यामुळे अपघात कमी होतात, माणसं वाचतात, म्हणून त्याला सरसकट नावं ठेवणार नाही. पण त्याची किंमत आपली गाडी मोजते, आणि ती कुठे मोजते ते आपल्याला दिसत नाही.

लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा पुरेशी असते. मीठ त्या पाण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सहज वाहू देतं, आणि गंजाची सगळी क्रिया त्या प्रवाहावरच चालते. मीठ आणखीही एक गोष्ट करतं: ते पाणी धरून ठेवतं. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, ते आठवा. साधं मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ओलावा ओढून घेतं. पण कडाक्याच्या थंडीत साधं मीठ नीट काम करत नाही. उणे नऊ-दहा सेल्सिअसच्या खाली, म्हणजे इथल्या भाषेत पंधरा फॅरनहाइटच्या खाली, त्याचा जोर ओसरतो. तेव्हा मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण वापरतात. ही दोन्ही रसायनं तीस-पस्तीस टक्के आर्द्रतेतसुद्धा ओली राहतात. बाहेर कोरडं ऊन पडलेलं असतं, रस्ता वाळलेला असतो, आणि तुमच्या गाडीच्या तळाशी, सांध्यासांध्यांत, ओल टिकून असते.

यातूनच एक गोष्ट निघते, ती ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. बाहेर उणे दहा अंशांत उभी असलेली खारट गाडी फारशी गंजत नाही, कारण थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात. तीच गाडी तुम्ही प्रेमानं उबदार गॅरेजमध्ये आणता, चाकांच्या कमानींत अडकलेला खारट बर्फ वितळतो, रात्रभर ठिबकत राहतो, आणि गंज वेगानं काम करू लागतो. गॅरेज उबदार ठेवणाऱ्यांनी म्हणूनच गाडी जास्त वेळा धुवायला हवी.

तर गाडी धुण्याच्या जागेची निवड कशी करायची? माझ्या दृष्टीनं पहिला आणि सगळ्यात मोठा निकष एकच: धुण्याच्या त्या जागी गाडीच्या तळाला पाणी मिळतं का? वरच्या पत्र्याची काळजी कारखान्यानं पुष्कळ घेतलेली असते. १९८० नंतरच्या दशकांत जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सर्रास वापरात आला, त्यावर रंगाचे थर चढले, आणि दारं नि फेंडर सडून भोकं पडण्याचं प्रमाण खूप घटलं. खाली मात्र ब्रेकच्या नळ्या आहेत, इंधनाच्या नळ्या आहेत, सस्पेन्शनचे हात आहेत, सायलेन्सर आहे. त्यांतल्या ब्रेकच्या नळ्यांचा प्रश्न जिवाशी येतो. पायडल दाबल्यावर सगळ्यात जास्त दाब त्यांच्यावरच येतो, म्हणजे गंजलेली नळी फुटते ती नेमकी तुम्ही जोरात ब्रेक मारता तेव्हा.

हे मी भीती घालायला सांगत नाही. इथल्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनानं जुन्या पिकअप ट्रक आणि एसयूव्ही गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या गंजून फुटल्याच्या तक्रारींची काही वर्षं चौकशी केली. २०१५ साली ती संपवताना त्यांनी मीठ पडणाऱ्या राज्यांतल्या वाहनचालकांना उद्देशून सूचना काढली: हिवाळाभर गाडीचा तळ धुवा, वसंतात एकदा नीट धुवा, आणि नळ्यांची तपासणी करून घ्या. गाडीच्या चमकण्याबद्दल त्या सूचनेत अवाक्षर नाही.

आता धुण्याच्या प्रकारांकडे येऊ. पेट्रोलपंपाच्या बाजूला असते ती बिनब्रशची, म्हणजे टचलेस. गाडी आत उभी करायची, फवारे तिच्याभोवती फिरतात. ब्रश नसल्यामुळे साबण तीव्र वापरावा लागतो, त्यानं मेणाचा थर लवकर उतरतो, आणि पत्र्यावर एक पातळ धुरकट पापुद्रा राहतोच. दुसरी बोगद्यासारखी लांब, जिथे पट्ट्यावरून गाडी पुढे सरकते आणि कापडाच्या किंवा फोमच्या झालरी तिला घासतात. तिथे गाडी स्वच्छ निघते, पण तुमच्या आधी गेलेल्या ट्रकची रेती झालरीत असेल तर बारीक ओरखडे पडतात. अशा ठिकाणी गाडी झालरींपाशी जाण्याआधी जोरदार पाण्यानं भिजवतात की नाही ते उभं राहून बघा. भिजवत असतील तर खुशाल जा. या दोन्हींत डिसेंबर ते मार्च मी स्वतः बिनब्रशच्या बाजूनं कौल देतो, पण तळाच्या फवाऱ्याचा पर्याय त्यात असलाच पाहिजे. पाटीवर मेणाचे, फेसाचे, सुगंधाचे अनेक पर्याय लिहिलेले असतात. हिवाळ्यात त्यांतल्या बहुतेकांवर खर्च करू नका. सगळ्यात स्वस्त पर्यायात तळाचा फवारा नसेल, तर तो ज्यात आहे तो घ्या.

आणि एक प्रश्न तिथल्या माणसाला जरूर विचारा: तळाला मारता ते पाणी ताजं की फेरवापराचं? पाणी फिरवून वापरणं ही चांगलीच गोष्ट आहे, पण गाळणीत वाळू आणि तेल अडकतं, विरघळलेलं मीठ अडकत नाही. शेवटचं पाणी ताजं असेल तर उत्तम.

तिसरा प्रकार मला सर्वांत आवडतो, आणि त्यासाठी अंगात थोडी हौस लागते. नाणी टाकून किंवा कार्ड लावून आपणच फवाऱ्याची बंदूक हातात घ्यायची. इथे तुम्हाला हवं तिथे पाणी मारता येतं: चाकांच्या चारही कमानींत आत वरपर्यंत, दारांखालच्या कडेला, मागच्या बंपरच्या आतून, समोरून तळाखाली. निम्म्याहून जास्त वेळ खालीच घालवा. रंग जिथे दगड लागून उडाला आहे तिथे बंदूक फार जवळ नेऊ नका. तिथे टांगलेला फेसाचा ब्रश मात्र हातात घेऊ नका, आदल्या माणसानं त्यानं काय घासलं हे आपल्याला ठाऊक नसतं.

पुण्याच्या सोसायटीत रोज सकाळी बादली आणि फडका घेऊन गाडी पुसायला माणूस येतो. ती सवय इथे हिवाळ्यात बाजूला ठेवावी. वाळलेलं मीठ आणि रेती फडक्यानं पुसली की रंगावर ओरखडे उठतात, आणि तळ तसाच राहतो. बर्फ झाडायच्या ताठ ब्रशानं पत्रा घासू नये, त्याचंही कारण हेच.

आता वेळ. बर्फ पडून गेल्यावर रस्ते वाळले की धुवा. रस्त्यावर खारट चिखल असतानाच धुतलं तर घरी पोचेपर्यंत सगळं पुन्हा बसतं. पण म्हणून मार्चपर्यंत थांबू नका. दहा दिवस ते दोन आठवडे हे अंतर बरं. तापमान शून्याच्या वर, चाळीस फॅरनहाइटच्या आसपास असेल आणि दुपार असेल तर फारच छान. कडाक्याच्या थंडीत दारांच्या रबरी पट्ट्यांत पाणी गोठतं, दार उघडत नाही, आणि जोर लावला की रबर फाटतं. म्हणून धुऊन बाहेर आल्यावर दोन मिनिटं द्या. सगळी दारं आणि डिकी उघडून रबर कोरड्या फडक्यानं पुसा, इंधनाचं झाकण पुसा. मग रस्त्यावर मागे कोणी नाही हे पाहून काही वेळा हलके ब्रेक दाबा, म्हणजे चकत्या सुकतील. शक्य असेल तर त्या रात्री हँडब्रेक ओढू नका. आणि धुण्याच्या बोगद्यात शिरण्यापूर्वी आपोआप चालणारे वायपर बंद करायला विसरू नका. गोठलेल्या काचेवर गरम पाणी तर कधीच ओतू नका, ती तडकते.

घरच्या ड्राइव्हवेवर धुवावी का? हिवाळ्यात बाहेरचा नळ बंदच असतो, पण एखादा ऊबदार दिवस येतो आणि मोह होतो. इथे मला थोडं थांबायचं आहे. ड्राइव्हवेवरून वाहिलेलं पाणी रस्त्याकडेच्या ज्या जाळीत जातं, ती बहुतेक उपनगरांत पावसाच्या पाण्याची गटार असते. ते पाणी कुठल्याही शुद्धीकरण केंद्रात न जाता थेट ओढ्यात, नदीत, तळ्यात जातं. साबण, तेल, ब्रेकची धातूमिश्रित धूळ, सगळं त्यासोबत. धुण्याच्या व्यावसायिक जागेचं पाणी सांडपाण्याच्या गटारीतून शुद्धीकरणाला जातं. तिथेही मीठ निघत नाही हे खरं आहे. नेहमीच्या शुद्धीकरणात क्लोराइड काढलं जात नाही. पण बाकीचं तरी अडतं. आणि मिठाचं म्हणाल तर, चमचाभर मीठ पाच गॅलन, म्हणजे सुमारे एकोणीस लिटर गोडं पाणी त्यातल्या जिवांना अपायकारक करायला पुरतं.

क्लोराइड पाण्यात वाढलं की काय होतं, हे आपल्या राज्यानं फार जवळून पाहिलं आहे. एप्रिल २०१४ मध्ये फ्लिंट शहरानं पिण्याचं पाणी फ्लिंट नदीतून घ्यायला सुरुवात केली. त्या पाण्यात क्लोराइड जास्त होतं. काही शुद्धीकरणाच्या रसायनांतून आलेलं, काही नदीतलंच, आणि नदीतल्या क्लोराइडमध्ये रस्त्यांवरच्या मिठाचा वाटा होता. नळांना गंजापासून जपणारं रसायन शहरानं पाण्यात घातलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या तिथल्या इंजिन कारखान्यानं ते पाणी वापरणं थांबवलं, कारण त्यानं यंत्राचे भाग गंजत होते. शहरातली मुलं मात्र आणखी वर्षभर ते पाणी पीत राहिली, आणि जुन्या नळांतलं शिसं त्यांच्या शरीरात गेलं. गंजाचं शास्त्र शिकलेला माणूस म्हणून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ड्राइव्हवेवर धुतलेल्या एका गाडीनं फ्लिंट घडलं असं मी म्हणत नाही. पण आपल्या रस्त्यांवरचं आणि घरांसमोरचं पाणी शेवटी कुठे जातं, याचा विचार गाडी धुताना व्हावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. स्वतःच्या दारासमोर मीठ टाकतानाही ते मूठभर टाका, पोतंभर नको.

वेळापत्रक लक्षात ठेवायला आपले सणच उपयोगी पडतात. दसऱ्याला आपण गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालतो. इथे नेमका तोच काळ मेण लावण्याचा आणि हवं तर तळाला तेलकट गंजरोधक फवारा मारून घेण्याचा असतो. फवारा मारणाऱ्याला सांगा, दारांखालची निचऱ्याची भोकं बुजवू नकोस. आणि गुढीपाडवा उलटून मीठ टाकणं थांबलं, की वर्षातली सगळ्यात कसून तळधुणी करा. हवा तापू लागते तेव्हाच उरलेलं मीठ जोरानं काम करतं, म्हणून ही धुणी चुकवू नका.

शेवटी अॅन आर्बर, ईस्ट लॅन्सिंग इथल्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी. तुम्ही दहा-बारा वर्षं जुनी गाडी घेता, परवडतं तेवढ्यात घेता. मिशिगनमध्ये गाडीची सक्तीची वार्षिक सुरक्षा तपासणी नाही. म्हणजे तुम्ही सांगितल्याशिवाय तिचा तळ कोणीच पाहत नाही. विकणाऱ्यानं ती वरून चकचकीत केलेली असते. पैसे देण्याआधी ती लिफ्टवर चढवून घ्या, आणि मेकॅनिकला ब्रेकच्या नळ्या टोकापासून टोकापर्यंत दाखवायला सांगा. वरवरचा तांबूस रंग चालतो, पापुद्रे सुटत असतील तर त्या नळ्या बदलायचा खर्च किमतीतून वजा करा किंवा दुसरी गाडी बघा. चालवताना पायडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं, किंवा ब्रेकचा लाल दिवा लागला, तर "उद्या बघू" म्हणू नका. गाडी बाजूला घ्या, तिथेच उभी ठेवा, आणि ओढून नेणाऱ्या ट्रकला बोलवा.