वारंवार मुरगळणारा पाय



आपली मुले घाटकोपर-मुलुंडच्या मैदानांवर पहाटे भरतीसाठी धावतात. एखाद्याचा घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. आपण हळद लावतो, पट्टा बांधतो आणि वर "नाटक करतोस" असेही ऐकवतो. ते नाटक नसते.

टाचेचे हाड व शेजारची हाडे काहींच्या पायात गर्भातच सुटी व्हायची राहतात. लहानपणी हा जोड कुर्चेचा, म्हणून थोडा लवतो. 8 ते 16 या वयात कुर्चेचे हाड होऊ लागते. मग पाय ताठर, बहुधा सपाट आणि दुखरा होतो. खडबडीत जमिनीवर जास्तच. जवळजवळ निम्म्या जणांत दोन्ही पायांत हा दोष असतो.

मुलाला चवड्यांवर उभे करून मागून पाहावे. तळव्याची कमान उमटली, टाच आत वळली, तर पाय लवचिक आहे. सैन्यभरतीच्या तपासणीतही असा न दुखणारा, नीट धावणारा सपाट पाय चालतो. ताठर चालत नाही. म्हणून भरतीच्या दिवसाची वाट पाहू नये. राजावाडी किंवा कूपर रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. नेहमीच्या एक्स-रेत जोड कधीकधी दिसत नाही, तिरका एक्स-रे किंवा सीटी स्कॅन लागतो.

उपचार आहेत. आधी विश्रांती, बुटात आधाराची गादी, काही आठवडे प्लास्टर; तरीही दुखले तर शस्त्रक्रियेने जोड काढता येतो. मालिशने मात्र तो सुटत नाही, तेव्हा पाय कुणाकडून ओढून घेऊ नये. जुने एक्स-रे असतील ते सोबत न्यावेत.