हिवाळ्याचा पाठ
(वारजे येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



‘हिवाळ्यात थंडी पडते’ हे वाक्य मुले घोकतात. परंतु कोठे, किती व का, हे प्रश्न तसेच राहतात. आरंभ मुठेकाठच्या या वारज्यापासूनच करावा. आकाश निरभ्र व हवा कोरडी असली म्हणजे रात्री जमीन झपाट्याने निवते, आणि टेकड्यांवरील गार, जड हवा उतरून नदीच्या खोलगटात साचते. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचे तापमान १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. मुंबईस समुद्र उशाशी असल्याने तेथे असा कडाका पडत नाही.

काश्मिरात २१ डिसेंबरपासून ‘चिल्लई कलान’ हा चाळीस दिवसांचा कडक काळ लागतो. पंजाबात पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची क्षेत्रे पाऊस आणतात. तो गव्हास मानवतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तर ईशान्येचे वारे उपसागरावरून ओलावा घेऊन येतात. तेथे डिसेंबर हा पावसाचा महिना!

हे नकाशावर दाखवावेच. परंतु या भागातील वर्गांत आज दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या मजुरांची मुलेही बसतात. बिहारकडील मुलाने धुक्यामुळे दिवसभर सूर्य न दिसल्याचे अनुभवलेले असते. भाषेच्या अडचणीने एरवी गप्प राहणाऱ्या त्या मुलास या पाठाच्या वेळी पुढे बोलवावे. मोडक्या मराठीत का होईना, आपल्या गावचा पौष त्याने सांगावा.

आणखी एक. सकाळच्या शाळेत पहिला तास अंगणात, उन्हात घ्यावा, आणि ज्याच्या अंगात स्वेटर नाही त्याला काही न विचारता उन्हाची जागा द्यावी.