‘चौघीजणी’ आणि मुलींचे कपाट
(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ आपल्यापैकी अनेकांनी, त्यातही अनेकींनी, शालेय वयात वाचली असेल. आपल्या ग्रंथालयात ती मुलींच्या पुस्तकांच्या कपाटात असते आणि मुलगे ते कपाट सहसा उघडत नाहीत. अमेरिकन लेखिकांना त्यांच्याच देशाच्या वाङ्मयेतिहासाने असे कोणत्या कपाटात ठेवले, हा माझा आजचा विषय आहे.

‘चौघीजणी’ची मूळ लेखिका लुइसा मे अल्कॉट. पहिला भाग १८६८ मध्ये निघाला. मुलींसाठी काही लिहा, ही मागणी प्रकाशकाची. लुइसाबाईंना त्यात फारसा रस नव्हता. परंतु घर त्यांच्या लेखणीवर चालत होते. पुस्तक अफाट खपले आणि त्या कायमच्या ‘मुलांच्या लेखिका’ झाल्या. याच बाईंनी टोपणनावाने सूडाच्या आणि कारस्थानांच्या थरारक कथा लिहिल्या होत्या, हे १९४० च्या दशकात लिओना रॉस्टेनबर्ग आणि मॅडेलिन स्टर्न या दोन ग्रंथप्रेमी मैत्रिणींनी शोधून काढले.

अल्कॉट कुटुंबाचे काँकर्ड गावातील एक शेजारी म्हणजे नॅथॅनियल हॉथॉर्न. अमेरिका आता लिहिणाऱ्या बायकांच्या झुंडीच्या स्वाधीन झाली आहे, असा संताप त्यांनी १८५५ मध्ये आपल्या प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केला होता. संतापाचे कारण बाजारात होते. हॅरिएट बीचर स्टो यांची गुलामगिरीविरोधी कादंबरी १८५२ मध्ये आली आणि वर्षभरात एकट्या अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती गेल्या. पुढे १९४१ मध्ये एफ. ओ. मॅथिसन यांनी नेमक्या त्याच काळावर ‘अमेरिकन रेनेसान्स’ हा वजनदार ग्रंथ लिहिला. त्याच्या केंद्रस्थानी पाच लेखक आहेत, पाचही पुरुष.

खप म्हणजे थोरवी नव्हे, हे मला मान्य आहे. पण मग जिचा खप शून्यवत होता, तिचे काय झाले? एमिली डिकिन्सन यांनी सुमारे अठराशे कविता लिहिल्या; हयातीत जेमतेम दहा छापल्या गेल्या, त्याही निनावी. १८८६ च्या मे महिन्यात त्या वारल्या. (त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या.) धाकट्या बहिणीला कवितांची हस्तलिखिते सापडली आणि १८९० मध्ये पहिला संग्रह निघाला, मात्र संपादकांनी यमके घासूनपुसून घेतली, विरामचिन्हे बदलली, शीर्षकेही चढविली. कवयित्रीने लिहिल्याबरहुकूम संपूर्ण कविता वाचकांपुढे येण्यास १९५५ साल उजाडले.

झोरा नील हर्स्टन यांच्या वाट्याला तर याहून कठोर विस्मरण आले. १९३७ ची त्यांची उत्तम कादंबरी बाजारातून नाहीशी झाली, १९६० मध्ये त्या फ्लोरिडात निधन पावल्या आणि त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. १९७३ मध्ये ॲलिस वॉकर ही तरुण लेखिका गवत तुडवीत ती जागा शोधत गेली आणि तिने तेथे दगड बसविला. वाङ्मयेतिहास असाही लिहिला जातो.

या साऱ्याचे मर्म मला सुझन ग्लास्पेल यांच्या एका कथेत दिसते. तरुणपणी वार्ताहर असताना त्यांनी आयोवातील एका खून खटल्याचे वृत्तांकन केले होते. त्यावरून १९१६ मध्ये एकांकिका आणि पुढल्या वर्षी कथा लिहिली. नवऱ्याच्या खुनाचा संशय बायकोवर आहे. पुरुष अधिकारी पुरावा शोधत माडीवर आणि गोठ्यात हिंडतात. स्वयंपाकघरात काय असणार, म्हणून हसतात. तेथे थांबलेल्या दोघी बायकांना गोधडीतले एकाएकी वेडेवाकडे झालेले टाके दिसतात, मान मुरगळलेला कॅनरी पक्षी सापडतो. त्यांना सारे उमगते. त्या बोलत मात्र नाहीत. आयोवात तेव्हा स्त्रियांना ज्युरीत बसता येत नसे. एलेन शोवॉल्टर यांनी २००९ मध्ये अमेरिकन लेखिकांचा सविस्तर इतिहास लिहिला, तेव्हा त्याला याच कथेचे शीर्षक दिले.

आपल्या ग्रंथालयापुरते सांगायचे तर ‘मुलींची पुस्तके’ ही पाटी आता निघाली आहे. ‘चौघीजणी’ कादंबऱ्यांच्या कपाटात गेली असून गेल्या महिन्यात सातवीतील दोन मुलग्यांनी ती नेली. एकाने अद्याप परत केलेली नाही. ग्लास्पेल यांची कथा नववीच्या वर्गात मराठीतून वाचून दाखविण्याचा मानस आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी तिचे भाषांतर करून देणार असेल, तर त्यांनी मेळाव्यानंतर मला अवश्य भेटावे.